जिन्यापासून नळापर्यंत इंग्रजी

मुंबईत फुटपाथवर एखादा माणूस चार पावलं पुढे, चार पावलं मागे करत स्वतःशीच इंग्रजी बोलताना दिसला, आणि त्याच्या कानात फोनचं काही खुपसलेलं नसलं, तर घाबरून जाऊ नये. तो माझ्या मामेसासऱ्यांचा विद्यार्थी असतो. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं ते केलं, पण त्यांच्या क्रियापदांवर राज्य करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो घोडपदेवच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मालवणी बोलतो, बाहेर मराठी बोलतो, आणि इंग्रजी बोलायचं झालं की आधी चपला घालतो. चपला काढून इंग्रजी बोलायला बसलेले मामा मी एकदाच पाहिले. ती गोष्ट पुढे येईलच.

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. मुलगी मी आधीच पाहून ठेवली होती, किंबहुना आमचं दोघांचं सगळं ठरून गेलं होतं; कार्यक्रम होता तो वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी. सगळे बसून पोहे खात होते आणि मुलीचे हे मामा तेवढे पायात चपला घालून, हातात बशी धरून खोलीत येरझारा घालत होते. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "व्हॉट डू यू डू?" मी म्हटलं, "आय ॲम वर्किंग इन अ बँक." त्यांनी एक फेरी मारली आणि परत विचारलं, "बरं. व्हॉट आर यू डूइंग?" मला वाटलं, यांना ऐकू कमी येत असावं. मी जरा मोठ्याने तेच उत्तर दिलं. मामांनी चमचा बशीत ठेवला, आत गेले आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, "मुलगो बरो आसा. पण नोकरी पक्की दिसत नाय. दोनदा विचारलंय, दोनदा 'सध्या चालू आसा' म्हणालो." सासूबाईंचं तोंड उतरलं. शेवटी माझ्या वडिलांना दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र घेऊन जावं लागलं. पुढे लग्न झालं, बढती झाली, तरी दर दिवाळीला मामा माझ्याकडून "आय वर्क इन अ बँक" असं एकदा वदवून घेत आणि मगच करंजीची बशी पुढे करत.

हे वेड त्यांना रे रोडला लागलं. तिथे लाकडाच्या एका वखारीत ते इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. माल बंदरातून फाटकापाशी यायचा, तिथून मधल्या अंगणात, आणि विकला गेला की मागच्या दाराने बाहेर पडायचा. पत्रात काय लिहायचं हे ठरवण्याआधी मामा उठून वखारीत एक चक्कर टाकत. ओंडके अजून फाटकाबाहेर असले की 'येईल', अंगणात उतरत असले की 'येत आहे', मागच्या दाराने गेले असले की 'गेला'. शेठजींनी मोठ्या मानाने त्यांना एक खुर्ची दिली होती. मामांनी तिच्यावर शेवटपर्यंत फायली ठेवल्या. निवृत्त झाल्यावर वखार सुटली, पण पाय काही ऐकेनात, म्हणून त्यांनी ती सगळी वखार आपल्या चाळीच्या गॅलरीत आणून मांडली.

गॅलरीच्या एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला सार्वजनिक नळ, आणि मामांचं दार बरोबर मधोमध. जिना म्हणजे भूतकाळ, दार म्हणजे वर्तमानकाळ, नळ म्हणजे भविष्यकाळ. असंच का, उलट का नाही, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जिन्याने आपण वर आलो. आलो ते झालं. आणि पाणी? पाणी आज येतं का कधी? पाणी उद्या येणार." विद्यार्थ्याने वाक्य बोलायचं ते त्या-त्या जागी चालत जाऊन. काल बाजारात गेलो, तर जिन्यापाशी जा आणि म्हण, "आय वेंट." उद्या जाणार, तर नळापाशी. काम चालू असेल, तर असाल तिथे उभं राहून जागच्या जागी पाय हलवत राहायचे. कालच्याही आधीचं काही असेल, तर जिन्याची एक पायरी खाली उतरायची. वाक्यात तो किंवा ती आली, की क्रियापदाच्या शेपटाला जो 'स' लागतो तो विसरू नये म्हणून अंगठीने कठड्यावर टक् करायचं. ज्यांच्याकडे अंगठी नव्हती त्यांच्यासाठी मामांनी एक किल्ली खिळ्याला टांगून ठेवली होती.

सगळ्यांची घसरगुंडी व्हायची ती 'केलं' आणि 'केलं आहे' यांत. तिथे मामांनी उंबरठा नेमला होता. एक पाय जिन्याच्या दिशेने बाहेर, एक पाय घरात. "मासे तळले, खाल्ले, भांडी घासली, वास गेला. आय फ्राइड फिश. जा जिन्यापाशी. पण तळून झालेत आणि वास अजून घरात फिरतोय, तर उंबरठ्यावर ये. आय हॅव फ्राइड फिश. काम संपलं, पण वास आहे, हे लक्षात ठेव." हे सांगताना आतून बहुतेक वेळा खरोखरच बांगड्याचा वास येत असे आणि व्याकरण थेट पोटात उतरत असे. 'डिड' आलं की पुढचं क्रियापद साधं का होतं, यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की हंडा एकाने उचलला की दुसऱ्याने हात लावायचा नाही, दोघांनी ओढला तर पाणी सांडतं. शाळेत मला हे दहा वर्षांत कळलं नव्हतं. मामींनाही कळलं नव्हतं, पण त्यांची तक्रार निराळी होती. त्या गॅलरीत पापड वाळत घालायच्या. "इंग्रजी शिका, नायतर आणखी काय शिका," त्या म्हणायच्या, "पण भूतकाळात जाताना माझे पापड तुडवू नका."

शेजाऱ्यांचीही कुरकुर होतीच. जिन्याजवळच्या खोलीतल्या काकूंचं म्हणणं असं, की आख्ख्या चाळीतलं सगळं होऊन गेलेलं त्यांच्याच दारात आणून टाकलं जातं. कोणाचा आजा वारला, कोणाची गिरणी बंद पडली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं संध्याकाळभर त्यांच्या उंबऱ्यासमोर इंग्रजीत. उलट नळाजवळच्या खोलीतले लोक जरा तोऱ्यात असत, कारण त्यांच्या दारात सगळे घर घेणार, दुबईला जाणार, गाडी घेणार. त्यांच्या मुलीचं लग्न जमलं तेव्हा त्यांनी मामांना धोतरजोडी दिली. काकूंनी मग आठवडाभर मामांशी अबोला धरला. मामांनी तोड काढली. दर शनिवारी शिकवणी संपताना एकाने जिन्यापाशी जाऊन काहीतरी चांगलं झालेलं सांगायचंच, असा नियम केला. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण शनिवारी त्या दार उघडं ठेवून बसायच्या.

विद्यार्थी कोण कोण होते म्हणून सांगू? कुरिअरवाले, नर्सबाई, बँकेतले शिपाई, दोन पुरोहित, आणि दादरच्या बाजारात बसणारी एक कोळीणबाई. परदेशातून सुट्टीला आलेली गिऱ्हाइकं इंग्रजीत घासाघीस करतात आणि आपण नुसत्या माना डोलावतो, याचा तिला राग होता. ती महिन्याभरात तयार झाली. पण पाटीपुढे बसल्या बसल्या चालणार कशी? तिने कोयत्यावर भागवलं. "आय हॅव कट" म्हणताना कोयता डावीकडे, "आय विल क्लीन" म्हणताना उजवीकडे. गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरकून उभी राहायची आणि घासाघीस आपोआप बंद झाली. ती मामांना सणासुदीला पापलेट आणून द्यायची आणि वर म्हणायची, "गुरुजी, तुजी विद्या लय धारेची हाय बघ."

चुकीचा काळ मामांना कुठेही खपत नसे. एका शोकसभेत कोणीसं डोळे पुसत म्हणालं, "ही वॉज हॅविंग व्हेरी गुड नेचर." सगळे गंभीर. मामा उठले, हॉलच्या मागच्या बाजूला दोन फेऱ्या मारून आले आणि माझ्या कानात म्हणाले, "स्वभाव असतो हो, चालू नसतो. बिचाऱ्याचा स्वभाव काय पंखा आहे?" मी रुमाल तोंडाशी धरला. आसपासच्यांना वाटलं, मला फारच दुःख झालं आहे.

एवढ्या सगळ्या गावाला शिकवणाऱ्या मामांची एकच विद्यार्थिनी हाती लागत नव्हती, ती म्हणजे त्यांची सख्खी भाची, माझी बायको. ती परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर कंत्राटी नोकरीत होती. खिडकीवर म्हणजे दिवसभर उभी. मराठीत तिचा आवाज असा, की रांग मोडणारा माणूस आपण होऊन मागे जाऊन उभा राही. मोठमोठे डॉक्टरही तिच्याशी बोलताना आधी घसा साफ करत. पण कायमची जागा हवी तर इंग्रजीतून मुलाखत, आणि तिथे तिची दातखीळ बसे. पहिल्या मुलाखतीत ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या मुलाखतीत ती सगळ्याला "येस सर" म्हणाली, त्यात एक प्रश्न "तुम्हाला ही नोकरी का देऊ नये" असा होता. आता तिसरी मुलाखत आली होती आणि तीच शेवटची, कारण पुढच्या वेळेपर्यंत वयाची अट आडवी येणार होती. इतकी वर्षं त्या खिडकीवर काढून पुन्हा दर वर्षी कंत्राटासाठी कोणापुढे तरी उभं राहायचं, याचा तिला मनातून फार त्रास होत होता. ती बोलून दाखवत नव्हती, पण भाकरी थापताना आवाज जरा जास्त यायचा.

"मामांकडे जा," मी म्हटलं.

"सगळ्या चाळीसमोर मी परेड करू? लहानपणापासून त्या गॅलरीत मी सगळ्यांशी भांडलेय. आता त्यांच्यासमोर चुकू?"

"चुकशील तर त्यांच्यासमोर चूक. साहेबांसमोर चुकण्यापेक्षा बरं."

हे तिला पटलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती लालबागला घरी न येता थेट घोडपदेवला गेली. मामांनी तिला पाहताच मामींना हाक मारली, "पापड उचल गो. आपली बाय इली."

त्यानंतर जे झालं ते शिकवणं नव्हतं, मोहीम होती. चाळीने ती मुलाखत आपल्या अंगावर घेतली. नळाजवळचे लोक साहेब होऊन प्रश्न विचारत. काकू दारात बसून नुसतं बघत आणि तिचा पाय चुकीच्या बाजूला पडला की, इंग्रजी न येताही, "अगं, आमच्याकडे ये, हे झालेलं आहे," म्हणून ओरडत. पहिले काही दिवस बायको रडकुंडीला आली. मग एकदा तिचा खिडकीवरचा आवाज इंग्रजीत निघाला. जिन्यापाशी उभी राहून तिने सांगितलं, की एकदा हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले होते, तेव्हा तिने कोऱ्या कागदांवर केसपेपर लिहिले, मोठ्याने नावं पुकारली आणि एकाही पेशंटला परत जाऊ दिलं नाही. एकही क्रियापद घसरलं नाही. खालच्या मजल्यावरून टाळ्या आल्या. मामा कठड्याला टेकून उभे होते. ते आत जाऊन तोंड धुऊन आले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी घरी म्हटलं, चला, एक रंगीत तालीम घेऊ. मी पलंगावर बसलो, तिला समोर खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "टेल अस अबाउट युवरसेल्फ." ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मी परत विचारलं. ती उठली, एक पाऊल टाकलं आणि भडाभडा बोलायला लागली. पण आमची खोली ती केवढी. दोन वाक्यांत तिचा भविष्यकाळ ओट्याला धडकला. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. इतक्या दिवसांत, इतक्या माणसांत, ही मुलाखत बसून द्यायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी फोन केला. अर्ध्या तासात मामा आणि मामी टॅक्सी करून आमच्याकडे हजर. टॅक्सी करणं हे मामांच्या आयुष्यात फार मोठं पाऊल होतं. आत येऊन त्यांनी खुर्चीकडे बघितलं, चोरी केलेल्या माणसाकडे बघावं तसं. "खुर्चेचो इचारच करूक नाय मी," ते हळू म्हणाले. मग त्यांनी उपाय सुरू केले. डावा हात भूतकाळ, उजवा हात भविष्यकाळ. बायकोने सगळे काळ एकमेकांत कालवले. डोळे मिटून गॅलरी आठव म्हणाले. तिला गॅलरी आठवली, इंग्रजी आठवेना. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मामा, तुम्हीच बसून बोलून दाखवा बघू."

मामा चपला काढून खुर्चीवर बसले. मांडीवर हात ठेवले. "आय..." म्हणाले. थांबले. परत "आय..." म्हणाले. पंखा फिरत होता. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. एवढा वखारीचा पत्रव्यवहार ज्याने चालवला, अर्ध्या घोडपदेवला ज्याने बोलतं केलं, तो माणूस आमच्या खुर्चीवर पहिलीतल्या पोरासारखा बसला होता. मामी म्हणाल्या, "तरीच हॉटेलात बसलो की ऑर्डर मला द्यायला लावतात." त्यांनी ते थट्टेने म्हटलं, पण त्यांचा हात मामांच्या खांद्यावर गेला होता.

मला वाटलं, आता सगळं संपलं. बायकोलाही तेच वाटलं असणार, पण ती रडायच्या ऐवजी हसायला लागली. मामांना तसं बसलेलं बघून तिला आवरेना. मग मामाही हसले, उठले, चपला घातल्या, आणि चपला घातल्याबरोबर त्यांना सुचलं.

"तू खिडकीवर काम कसां करतंस? बसून?"

"उभ्याने."

"मग? इंटरव्ह्यूत बसूक सांगतत. सांगतत म्हणजे दोरीन बांधतत नाय. सरळ विचार. मे आय स्टँड, सर? आय वर्क स्टँडिंग."

"आणि हसले तर?"

"हसले तर हसतले. तू घाबरतंस कित्याक गो? तुझ्या रांगेत उभे रवले तर तेंका पण तू रांगेतच ठेवतलंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं परळला गेलो. मामांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मुलाखत होती त्या केबिनला काचेची भिंत होती. खालची काच दुधी, वरची स्वच्छ. त्यामुळे बाहेरच्या बाकावरून आम्हाला आतल्या माणसांची फक्त डोकी दिसत होती, आवाज मुळीच येत नव्हता. तीन डोकी टेबलामागच्या उंच खुर्च्यांवर, मधलं एका बाईंचं; उमेदवाराची खुर्ची मात्र बुटकी. बायको आत गेली. तिचं डोकं क्षणभर खाली गेलं, म्हणजे बसली. मग डोकं वर आलं. तिन्ही डोकी एकमेकांकडे वळली, मधलं डोकं हललं, आणि बायको चालायला लागली.

डावीकडे त्या केबिनला खिडकी होती, उजवीकडे फायलींचं कपाट. मामा माझा दंड धरून सांगायला लागले. "खिडकीशी गेली. मागचं सांगते. शिक्षण सांगत असणार... थांबली, डोकं वरखाली होतंय, म्हणजे पाय हलवते, तेव्हा काय चालू होतं ते... आली मध्ये, आता रोजचं काम..." तिचं डोकं किंचित पुढे झुकलं. "टक् केलं. शाबास. टेबलावर केलं वाटतं." तिन्ही साहेबांच्या माना तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वळत होत्या. मग ती खिडकीशी गेली ती बराच वेळ तिथेच राहिली, दोन्ही हात वर करून काहीतरी पुकारत. "कॉम्प्युटर," मामा कुजबुजले. मधल्या बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. मामांची पकड इतकी घट्ट झाली होती की माझा दंड बधिर झाला. बाजूला बसलेला एक उमेदवार आमच्याकडे बघून जागा बदलून गेला.

आणि एकाएकी तिचं डोकं दिसेनासं झालं.

मामा उठून उभे राहिले. डोकं वर येईना. "बसवली," ते म्हणाले, "बसवली रे तिला." मी त्यांना हाताला धरून खाली बसवायला बघत होतो, ते बसेनात. तिथेच, त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये त्यांच्या येरझारा सुरू झाल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आतली तिन्ही डोकी आता एका जागी स्थिर होती, आणि आम्हाला त्यातून काहीच वाचता येत नव्हतं.

दार उघडलं आणि ती बाहेर आली. तोंडावर नेहमीचा खिडकीवरचा भाव.

"काय झाला?" मामा एकदम मालवणीत आले.

"काही नाही. त्या बाई म्हणाल्या, दमला असाल, बसा. मी बसले."

"मग?"

"मग काय, बोलत राहिले. त्यांनी विचारलं, जागा मिळाली तर खिडकीवर काय बदल कराल. सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांना वेगळी रांग हवी, ते पण सांगितलं."

मामांनी तिला डोक्यापासून पायांपर्यंत निरखून बघितलं. "बसून बोललंस?"

तिच्या ते तेव्हा लक्षात आलं. ती तोंडाला हात लावून मटकन बाकावर बसली. "अगं बाई. हो की."

आनंद तर मामांच्या अंगात मावत नव्हता, पण त्या आनंदात काहीतरी अडखळल्यासारखं झालं, ते मी बघितलं. गॅलरी तिच्या आत गेली होती. आता तिला जिना लागणार नव्हता, नळ लागणार नव्हता. जे त्यांना स्वतःला उभ्या जन्मात जमलं नाही, ते तिने बसल्या बसल्या केलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जमला गो तुका." एवढंच.

पंधरवड्याने कायमच्या नेमणुकीचं पत्र आलं. त्या संध्याकाळी मामांनी गॅलरीत वाटलेल्या खाज्याला आणि पेढ्यांना हिशेब नव्हता. वाटायला सुरुवात मुद्दाम जिन्याकडून केली. काकूंनी पेढा तोंडात टाकून बायकोच्या पाठीवर थाप मारली. "इतकी वर्षं सगळ्यांचं रडगाणं आमच्या दारात आलं. आज एकदाचं गोड तोंडात पडलं." कोळीणबाई पापलेटं घेऊन आली आणि सगळ्या चाळीसमोर "शी हॅज गॉट इट" म्हणाली, उंबरठ्यावर बरोबर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून. मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, आता सांगा, तुमची बायको काय करते?" मी कठड्यावर टक् करून म्हटलं, "शी वर्क्स इन अ हॉस्पिटल." त्या दिवाळीपासून मला करंजी बिनशर्त मिळायला लागली.

हल्ली मामांचे गुडघे गेले आहेत. दारात एक खुर्ची टाकून ते बसलेले असतात, आणि बसल्यावर त्यांचं इंग्रजी कुठे जातं हे आता आम्हाला माहीत आहे. पण शिकवणी बंद नाही. दर शनिवारी माझी बायको जाते. मामा खुर्चीतून मालवणीत वाक्य सांगतात आणि ती पोरांना घेऊन गॅलरीभर चालते. तिला बसून बोलता येतं, तरी चालते. त्यांचे पाय आता तीच आहे. शिकवणी संपली की पोरं पांगतात, मामी पापड परत मांडायला लागतात, आणि मामा दर वेळी तोच प्रश्न विचारतात, "परत येतलंस मां गो?"

ती त्यांच्या समोरच उभी असते. तिथल्या तिथे हो म्हटलं तरी चाललं असतं. पण ती चपला घालते, सगळ्या दारांवरून चालत थेट नळापाशी जाते, वळते, आणि तिथून म्हणते, "आय विल कम, मामा." मामांना आताशा ऐकूही कमी येतं. ती कुठे जाऊन उभी राहिली एवढं दिसलं, की त्यांना पुरतं.